नकाशात मजुरांची खोली कोठे आहे?

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या निविदेचा मसुदा गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे वाचायला आला. पुण्यातल्या कोथरूडमधली ही चार मजली इमारत १९८६ साली बांधलेली असून तिच्यात २४ सदनिका आहेत. गच्चीचे वॉटरप्रूफिंग तीनदा करून झाले, तळमजल्यावरच्या खांबांतील सळया गंजून वरचे काँक्रीट सुटू लागले, आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आल्यावर दुरुस्तीवर आणखी पैसे घालण्यापेक्षा इमारत पाडून नवी बांधावी असे सर्वसाधारण सभेत ठरले. मी स्थापत्य अभियंता आहे; सुमारे ३० वर्षे आरसीसी डिझाइन आणि साइटवरची देखरेख अशी दोन्ही कामे केली. त्यामुळे "ताई, पुढे पाठवण्यापूर्वी तुम्ही एकदा नजर फिरवा," असे म्हणत सेक्रेटरीकाकांनी ६४ पानांचे ते बाड माझ्या हातात ठेवले.

मसुदा वाईट नव्हता. नळ कोणत्या कंपनीचे असावेत, फरश्या किती आकाराच्या असाव्यात, स्वयंपाकघराच्या ओट्याला ग्रॅनाइट किती जाडीचे असावे, लिफ्ट किती माणसांची असावी, याचे तपशील चार पाने भरून होते. भाडे, कॉर्पस म्हणजे सोसायटीला मिळणारा निधी, बँक गॅरंटी, विलंबाचा दंड हेही सारे नीट लिहिलेले होते. राडारोड्याविषयी मात्र एकच वाक्य होते: तो विकसकाने जागेवरून हलवावा. कोठे हलवावा, याचा उल्लेख नव्हता. ज्या माणसांच्या हातून ही इमारत उभी राहणार होती त्यांच्याविषयीही एकच ओळ होती: मजुरांची व्यवस्था विकसकाने स्वखर्चाने करावी.

बांधकाम व्यवसायाच्या सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीची चर्चा होते तेव्हा बोट बिल्डरकडे वळते, आणि ते चूक आहे असे मी म्हणणार नाही. परंतु पुनर्विकासात जमिनीची मालक सोसायटी असते, निविदा ती काढते, विकसक ती निवडते आणि करारावर सहीही तीच करते. राज्य शासनाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली पुनर्विकासाची कार्यपद्धती ३ जानेवारी २००९ रोजी घालून दिली आणि ४ जुलै २०१९ रोजी ती सुधारली. तिच्यामुळे सोसायटीला अटी घालण्याची चांगली संधी मिळते. मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यात एखाद्या उद्योगाला आपल्या अटी मान्य करायला लावण्याची वेळ क्वचित येते, आणि ती आली असता आपण ती सारी ताकद नळांवर खर्च करतो, हे त्या ६४ पानांतून मला दिसले.

हे लिहिताना मी स्वतः कोठे उभी होते तेही सांगितले पाहिजे.

१९९२ च्या सुमारास मी एका साइटवर कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले. साइटवर अभियंता बाई मी एकटीच, आणि माझ्यासाठी स्वच्छतागृह नव्हते. मी सकाळपासून पाणी पिणे टाळत असे आणि अगदीच निकड झाली तर दोन गल्ल्या ओलांडून ओळखीच्या एका घरी जात असे. घमेली वाहणाऱ्या बायकांना तीही सोय नव्हती. त्या पहाटे अंधारात उठून मागच्या मोकळ्या जागेत जाऊन येत आणि मग दिवस मावळेपर्यंत थांबत. त्यांच्याकडे पाहून मला माझ्या अडचणीची लाज वाटे, पण त्यांच्या अडचणीबद्दल मी कोणाला एक शब्दही बोलले नाही. शौचालय हा ठेकेदाराचा विषय, आपला विषय सळई आणि काँक्रीट, असेच मी शिकले होते.

त्याच साइटवर मजुरांच्या खोल्यांची जागा ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. प्लॉट अरुंद होता. एका बाजूला खडी-वाळूचे ढीग, दुसऱ्या बाजूला सळई कापायची जागा, मध्ये खोदकाम. उरलेली जागा होती सीमाभिंतीला लागून. तेथे पत्रे ठोकले की मागची भिंत आयती मिळते, तीन बाजूंनीच आडोसा करावा लागतो आणि पत्र्यांचा खर्च वाचतो. मी नकाशावर पेन्सिलने १० फुटी चौकोन काढले, मुकादमाने मान डोलावली, आणि दोन दिवसांत तेथे बारा कुटुंबे राहू लागली. सेंट्रिंगच्या टाकाऊ फळ्यांवर त्यांच्या चुली पेटत आणि त्या फळ्यांना लागलेल्या तेलाचा धूर खोल्यांतून भरून राही. तेथे काही अघटित घडले नाही. पण न घडण्यात माझ्या अभियांत्रिकीचा काही वाटा नव्हता.

२९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यातल्याच कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. त्यांत मुले होती, आणि मृतांपैकी बहुतेक बिहारमधून आलेले होते. तीनच दिवसांनी आंबेगावात तशीच भिंत पडली आणि ६ मजूर दगावले. त्या सकाळी वर्तमानपत्रातले छायाचित्र पाहताना मला आधी दिसले ते माझ्याच हातचे पेन्सिलचे चौकोन.

अशी भिंत पावसाळ्यातच का पडते, हे समजून घ्यायला अभियंता असण्याची गरज नाही. सीमाभिंत ही मुळात आडोशाची भिंत असते, माती अडवण्यासाठी तिचे गणित केलेले नसते. पण शेजारच्या प्लॉटची पातळी चार-पाच फूट उंच असली की ती नकळत माती अडवू लागते. कोरडी माती आपल्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश इतकाच आडवा रेटा देते, कारण तिचे कण एकमेकांना धरून ठेवतात. तिच्यात पाणी भरले की पाण्याचा पूर्ण रेटा त्यात मिळतो आणि भिंतीवरचा एकूण दाब कोरड्या मातीच्या जवळजवळ दुप्पट होतो. भिंतीला पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवली असतील तर हा दाब बराच उतरतो, पण बहुतेक सीमाभिंतींना ती नसतात, किंवा शेजाऱ्याच्या अंगणात पाणी येते म्हणून ती बुजवलेली असतात. त्यातच अलीकडच्या बाजूला पायथ्याशी खोदकाम सुरू झाले की भिंतीच्या पायाखालचा आधारही जातो.

यातली सर्वांत वाईट गोष्ट वेळापत्रकाची आहे. इमारतीचा एकही मजला उभा नसतो तेव्हा मजुरांना राहायला भिंतीलगतच्या खोल्यांवाचून दुसरी जागा नसते. खोदकाम नेमके त्याच वेळी चालू असते, कारण खोदल्यावाचून मजला उभा राहणार कसा? पुढे दोन-तीन स्लॅब पडले की मजूर कुटुंबे खालच्या मजल्यावर, पार्किंगच्या जागेत, अर्धवट भिंतींच्या आड जाऊन राहतात. म्हणजे त्यांच्या खोल्या भिंतीच्या सर्वाधिक जवळ असतात त्याच महिन्यांत ती भिंत सर्वाधिक कमकुवत असते. हे अपघात दैवाचे नसतात. बांधकामाचा क्रम आणि जागेची काटकसर यांतून ते जवळजवळ ठरल्यासारखे घडून येतात. कोथरूडसारख्या भागात, जेथे हजार-बाराशे चौरस मीटरच्या प्लॉटवर आता यांत्रिक पार्किंगसाठी खोल खड्डे घेतले जातात, तेथे तर हे अधिकच खरे आहे.

कायदा याबाबत मुका आहे असे नाही. बांधकाम मजुरांसाठीचा १९९६ चा केंद्रीय कायदा तात्पुरती निवासव्यवस्था विनामूल्य देण्याचे, पिण्याच्या पाण्याचे, शौचालयांचे, आणि ५० हून अधिक स्त्री-मजूर असतील तेथे पाळणाघराचे बंधन मालकावर घालत असे. नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदाही त्यांत सामावला गेला, पण ज्या साइटवर मी आयुष्य काढले तेथली मोजणीची युक्ती जुन्याच कायद्याची आहे. सेंट्रिंगचा ठेकेदार वेगळा, सळईचा वेगळा, विटकामाचा वेगळा, गिलाव्याचा वेगळा. प्रत्येकाच्या हजेरीपटावर दहा-पंधरा बायका. एकत्र मोजल्या तर साठ भरतील, पण एकत्र मोजायचे कोणी? माझ्या ३० वर्षांत ज्या साइटवर कागदोपत्री ५० स्त्रिया होत्या अशी एकही साइट मी पाहिली नाही.

पाळणाघरावरून आठवले. बांधकामावरच्या मुलांसाठी आपल्याकडे झालेले सर्वांत मोलाचे काम एका बांधकामाच्या जागेवरच सुरू झाले. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त दिल्लीत राजघाटाजवळ प्रदर्शनाची दालने उभारली जात असताना, उन्हात मातीत पडलेली मजुरांची बाळे मीरा महादेवन यांनी पाहिली आणि तेथेच तंबूत पहिले पाळणाघर सुरू केले. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली, पुढे ती मुंबईत आणि पुण्यात आली. इमारत पूर्ण झाली की पाळणाघर उठते आणि पुढच्या साइटवर जाते, म्हणून ते फिरते. मी काम केलेल्या साइटपैकी दोन ठिकाणी अशी व्यवस्था होती. तेथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली: ज्या साइटवर मुले दिवसभर एका खोलीत सुरक्षित असतात, तेथे आयांचे काम नीट होते, आणि लिफ्टच्या उघड्या डक्टजवळ खेळणारे मूल पाहून सुपरवायझरच्या छातीत धडकी भरण्याचा प्रसंगही येत नाही. दया म्हणून नको, पण कामाची शिस्त म्हणून तरी हे करायला काय हरकत आहे, असे मी तेव्हा एका भागीदाराला विचारले होते. त्यांनी पुढच्या वर्षी बघू म्हटले.

पैशाचीही उणीव नाही. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर मजुरांच्या कल्याणासाठी वसूल होतो आणि राज्यातल्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जमा होतो. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावरच्या निकालात नोंदवले की देशभरात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमा झाला असून त्यातले सुमारे ९,५०० कोटीच वापरले गेले. आणि त्याआधीच्या सुनावणीत या पैशातून लॅपटॉप आणि कपडे धुण्याची यंत्रे घेतल्याचे समोर आले होते. ज्याच्या घराला दार नाही आणि नळही नाही त्याला कपडे धुण्याचे यंत्र! लाभासाठी मजुराची नोंदणी लागते, नोंदणीसाठी मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि छत्तीसगडहून आलेल्या, तीन महिन्यांत तीन ठेकेदार बदललेल्या माणसाला तो दाखला सहजासहजी कोणी देत नाही. म्हणून मी आमच्या मसुद्यात जी पहिली अट घातली ती पैशाची नाही, कागदाची आहे: साइटवर येणाऱ्या प्रत्येक मजुराची, मग तो कोणत्याही उपठेकेदाराचा असो, एकच हजेरी मुख्य फाटकावर ठेवावी आणि ९० दिवस भरताच विकसकाने दाखला द्यावा. ही अट पुरी करायला खर्च येतो तो एका वहीचा.

आता राडारोडा. येथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण हा हिशेब मी स्वतः मांडला आणि तो मांडेपर्यंत मलाही आकड्याचा अंदाज नव्हता.

आमच्या इमारतीचे जिने, गच्ची धरून बांधकाम अंदाजे १,७०० चौरस मीटर आहे. आरसीसी सांगाडा आणि विटांच्या भिंती असलेली त्या काळातली इमारत चौरस मीटरला ढोबळमानाने एक टन भरते. म्हणजे १,७०० टन. मोठ्या डंपरच्या शंभराहून अधिक फेऱ्या. २४ कुटुंबांच्या ४० वर्षांच्या संसाराचे हे वजन कोठे तरी जाऊन पडणार आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा करणाऱ्यावर तो काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असा वेगवेगळा करण्याचे आणि आधी आराखडा देण्याचे बंधन घातले. एप्रिल २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या नव्या नियमांत उत्पादकावर पुनर्वापराचे लक्ष्य टाकलेले आहे, ही चांगली गोष्ट आहे. परंतु ते लक्ष्य २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांसाठी आहे. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, डेक्कन या भागांत आज जे पाडकाम चालू आहे, त्यातले बहुतांश आमच्यासारख्या छोट्या इमारतींचे आहे. एकेक इमारत लहान, सगळ्या मिळून डोंगर, आणि तो डोंगर त्या मोठ्या लक्ष्याच्या खालून निसटतो.

पाडकामाचे अर्थकारण साधे आहे. पाडकामाचा ठेकेदार पुष्कळदा उलट सोसायटीला किंवा विकसकालाच पैसे देतो, कारण त्याला लोखंड, दरवाजे, खिडक्यांच्या जाळ्या, वायर, नळ यांचे मोल मिळते. पेठेतला जुना वाडा पाडला की विटाही विकल्या जात. चुन्यातली वीट हलक्या हाताने सुटते आणि अखंड निघते. १९८६ ची सिमेंटमधली वीट सुटत नाही, फुटते. तेव्हा सळई काढून घेतल्यावर जे उरते त्याला बाजारात किंमत नाही, आणि ज्याला किंमत नाही ते वाहून नेण्याचा डिझेलचा खर्च मात्र आहे. पुणे महापालिकेचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीत आहे. कोथरूडहून तेथे जायचे म्हणजे शहराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जायचे, तेही अवजड वाहनांच्या वेळा सांभाळून. त्याऐवजी रात्री दोन वाजता नदीकाठी डंपरचा हौदा उचलणे दहा मिनिटांचे काम आहे.

नदीकाठी काय होते ते आपण पाहतोच. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून मुठेत सुमारे ३५,००० क्युसेकचा विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. पात्रात टाकलेल्या भरावाचा आणि राडारोड्याचा प्रश्न तेव्हा पुन्हा पुढे आला. एवढ्या पाण्याला वाट लागते. पात्राच्या कडेला आपण ट्रकमागून ट्रक भिंती, गिलावा आणि फरश्या टाकत गेलो तर ती वाट तितकी अरुंद होते, पाणी तेवढे उंच चढते, आणि ते ज्यांच्या घरात चढते त्यांचा आपल्या जुन्या बाथरूमच्या फरश्यांशी काही संबंध असतो हे कोणाला माहीत नसते.

म्हणून दुसरी अट अशी लिहिली: पाडकाम ठेकेदाराला शेवटचा हप्ता प्रक्रिया प्रकल्पाच्या वजनकाट्याच्या पावत्या दाखवल्यावरच मिळेल, आणि पावत्यांची बेरीज किमान १,२०० टन भरली पाहिजे, उरलेल्यातली खडी-माती जागेवरच भरावासाठी वापरायला मुभा. तिसरी अट नव्या इमारतीविषयी आहे. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम २५ या ताकदीच्या दर्जापर्यंतच्या आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत आणि पायाखालच्या कोब्यासारख्या दुबळ्या काँक्रीटमध्ये पूर्णपणे वापरता येते. मी आरसीसीचा आग्रह धरला नाही; कोबा, आवारातले रस्ते आणि पेव्हर ब्लॉक एवढ्यापुरतेच बंधन घातले. अभियंता म्हणून मला ते निर्धास्तपणे झोप येऊ देणारे वाटले.

वाळूच्या कलमावर मात्र खडाजंगी झाली. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी मसुद्यात खास घालून घेतले होते की गिलाव्याला नदीचीच वाळू हवी, क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालणार नाही. त्यांच्या पिढीला ते शहाणपणाचे वाटणे स्वाभाविक आहे, कारण पहिल्या काळातल्या क्रश सँडमध्ये भुकटी फार असे आणि गिलाव्याला तडे जात. पण आता धुऊन, चाळून केलेली गिलाव्याची वेगळी कृत्रिम वाळू मिळते आणि नदीच्या वाळूची अट घालणे म्हणजे भीमेच्या, गोदावरीच्या किंवा गिरणेच्या पात्रात रात्री यंत्र उतरवणाऱ्याला आपल्या हाताने ऑर्डर देणे आहे. वाळू ही नदीची गाळणी आणि पाण्याची साठवण आहे. पात्रातली वाळू गेली की पावसाळ्यानंतर काठच्या विहिरींना मिळणारा पाझर आटतो, हे नदीकाठच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारून पाहावे. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. २०२५ मध्ये राज्य शासनाने कृत्रिम वाळूला उत्तेजन देणारे धोरण आणले. आजोबांना मी माझ्या भाच्याच्या घराचा दोन वर्षांपूर्वीचा गिलावा दाखवून आणला. ते भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "बरा आहे." एवढे पुरेसे होते.

पण कृत्रिम वाळू म्हणजे पापमुक्ती असेही नव्हे. ती डोंगर फोडून येते. वाघोली-मोशीकडच्या खाणी आणि क्रशर पाहिलेल्या माणसाला ती पांढरी धूळ विसरता येत नाही. दगडाची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून आत गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो आणि तो बरा होत नाही. वाघोलीच्या खाणमजुरांच्या मुलांसाठी 'संतुलन' संस्थेने पाषाणशाळा चालवल्या, त्या याच धुळीच्या कडेला. साइटवर ग्रॅनाइट आणि फरशी कापणाऱ्या कारागिराच्या नाकातोंडातही तोच धुरळा जातो, आणि तेथे उपाय अगदी स्वस्त आहे: पात्यावर पाण्याची धार सोडून कापणे आणि चांगला मास्क. चार पाने फरशीचे वर्णन करणाऱ्या मसुद्यात ती कापायची कशी याचे एक वाक्य मी घातले.

सिमेंटविषयी थोडक्यात. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी ७ ते ८ टक्के सिमेंटचे आहे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसून चुनखडी भाजताना तिच्यातूनच बाहेर पडणाऱ्या वायूचा आहे. म्हणून भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटत नाही. त्यावरचा व्यवहार्य उपाय म्हणजे क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजून निघालेला सिमेंटचा मूळ घटक, कमी वापरणे: औष्णिक वीजकेंद्रांची राख किंवा पोलाद कारखान्यांची मळी मिसळलेले सिमेंट. आमच्या मसुद्यात '५३ ग्रेड ओपीसीच', म्हणजे काही न मिसळलेले साधे सिमेंटच, असे ठळक अक्षरांत होते, कारण मोठा आकडा म्हणजे मजबूत इमारत असा समज आहे. वास्तविक मिश्र सिमेंटचे काँक्रीट सावकाश ताकद धरते पण पुढे घट्ट होते, आणि सळई गंजण्यापासून अधिक चांगले वाचवते. जी इमारत आम्ही गंजलेल्या सळयांपायी पाडतो आहोत तिच्या मालकांना हे कळायला हवे. मात्र त्याला क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओले ठेवणे, जास्त लागते. भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटला किमान ७ दिवस सांगते आणि मिश्र सिमेंटला १०. ठेकेदाराचा विरोध पर्यावरणाला नसतो, या तीन दिवसांना असतो. त्या दिवसांचे पाणी बोअरचे नको, महापालिकेच्या मैलाशुद्धीकरण केंद्रातले प्रक्रिया केलेले, आणि पिण्याची टाकी त्यापासून वेगळी, असेही लिहिले. माझ्या पहिल्या साइटवर दोन्हींना एकच टाकी होती.

'ग्रीन बिल्डिंग' मानांकनाचा प्रस्ताव एका तरुण सदस्याने मांडला होता, आणि मला तो नाकारायचा नव्हता. 'गृह' (GRIHA) या मानांकनाच्या निकषांत बांधकामावरच्या मजुरांच्या आरोग्य-सुरक्षेलाही जागा आहे. माझा आक्षेप एवढाच की मानांकनाची पाटी इमारतीच्या दारावर लागते, आणि ती लागेपर्यंत खोल्यांचे पत्रे उचलून नेलेले असतात. सौर पॅनेल राहते म्हणून दिसते. मजूर राहत नाहीत.

सभेला १९ सदस्य आले. नळांवर ४० मिनिटे गेली. माझ्या कलमांवर एक सद्गृहस्थ म्हणाले, "अहो ताई, हा बिल्डरचा प्रश्न. आपल्याला घर हवंय, आपण काय युनियन चालवणार?" दुसऱ्या एकांनी अधिक प्रामाणिक प्रश्न विचारला: याचे पैसे शेवटी आपल्याच क्षेत्रफळातून कापले जाणार ना? त्याचे उत्तर मी तयार ठेवले होते. भिंतीपासून दूर पक्क्या तळावर खोल्या, स्त्री-पुरुषांची वेगळी शौचालये, एक पाळणाघराची खोली आणि एक बाई, हा तीन वर्षांचा खर्च मी मांडला. तो मसुद्यात २४ मॉड्युलर किचनसाठी मागितलेल्या रकमेहून कमी भरला. सभेत काही क्षण शांतता होती. किचन कमी करावे असे कोणी म्हणाले नाही, मीही म्हणाले नाही. हजेरी आणि दाखल्याची अट, राडारोड्याच्या पावत्या, कृत्रिम वाळू आणि मिश्र सिमेंट मंजूर झाले. पाळणाघर 'विकसकाने शक्य असल्यास' या शब्दांत गेले, आणि हे तीन शब्द कसे वापरले जातात हे मला चांगले ठाऊक आहे. खोल्यांची जागा सोसायटीच्या मंजुरीने ठरेल हे कलम मात्र राहिले, बहुधा त्याचा अर्थ कोणी नीट वाचला नाही म्हणून.

गेल्या आठवड्यात निवडलेल्या विकसकाच्या वास्तुविशारदाकडून साइटच्या मांडणीचा पहिला नकाशा आला. आमच्या पूर्वेकडची भिंत शेजारच्या बंगल्याच्या बागेला लागून आहे. बाग आमच्यापेक्षा पाच फूट उंच आहे आणि तिथल्या पेरूच्या फांद्या आमच्या पार्किंगवर येतात, मुले उन्हाळ्यात त्यांना लोंबकळतात. त्या भिंतीला एकही भोक नाही. नकाशात पार्किंगचा खड्डा भिंतीपासून अडीच मीटरवर सुरू होतो, आणि त्या अडीच मीटरच्या पट्टीत, भिंतीला चिकटून, बारीक रेषांनी काढलेले सहा चौकोन आहेत. आत लिहिले आहे: लेबर रूम्स, तात्पुरत्या.

मी त्यांच्याभोवती लाल पेनाने वर्तुळ काढून नकाशा परत पाठवला आहे.